विहिणीचं काजळ आणि माझं शिसं

हे झालं तेव्हा आम्ही सहा जण होतो. मी. माझा मुलगा, तो इथं आखातात, रास अल खैमाला टाइल्सच्या फॅक्टरीत सुपरवायझर आहे. माझी सून. माझी नात, तेव्हा सव्वा वर्षाची, नुकती चालायला लागलेली. बाबा, म्हणजे ज्या अरबी माणसाच्या घरी मी बावीस वर्षं काम केलं ते म्हातारे. आणि माझी विहीण, सुनेची आई. ती कोकणात गावाला होती, पण रोज सकाळी मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसायची, म्हणून तिला मी हजर धरते. नावं कुणाचीच लिहीत नाही. माझं पण नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. हात बसलेला नाही, त्यामुळे एक पान लिहायला मला दोन दिवस लागतात.

माझा नवरा मासेमारीला जायचा. तो वारला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याला माझ्या आईकडं ठेवून मी इथं आले, घरकामाच्या व्हिसावर. पहिली चार वर्षं गावी गेले नाही. आई वारली ते मला बाराव्या दिवशी कळलं. त्या दिवशी पण बाबांच्या घरी पाहुणे होते, मी भात केला, मच्छी केली, भांडी घासली. ते सगळं लिहीत बसत नाही. केलं ते केलं, मुलगा शिकला, मला त्याची लाज नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

मुलाला इथं नोकरी लागली, लग्न झालं, फ्लॅट घेतला भाड्यानं, मला आपल्या व्हिसावर घेतलं. मग म्हणायला लागला, "आई, आता खलास. खूप केलंस. लोक विचारतात मदर काय करते, मी काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, एका म्हाताऱ्याला जेवायला करून घालते."

"अगं आई, हाउसमेड म्हणतात त्याला."

"मग मेड तर मेड. तुझी फी त्यातूनच गेली ना रे?"

पण त्याचंही खरं होतं. त्याच्या ऑफिसातले लोक घरी यायचे, त्यांच्या आया शालू नेसून सोफ्यावर बसायच्या. शेवटी आमचं ठरलं. बाबांची बायको वारली होती, मुलं दुबईला, अबू धाबीला. घरात दुसरी बाई होती कामाला, पण त्यांना माझ्याच हातची मच्छी लागायची. तर मी सकाळी सातला जाणार, बाराला परत येणार, बाबांचा ड्रायव्हर सोडणार. पण कुणी विचारलं तर सांगायचं, आई घरीच असते, नातीला सांभाळते. ही अट मुलाची. मी कबूल केली.

बाबा डोंगरातले. त्यांचं घर गावाबाहेर, मागं नुसते दगडाचे डोंगर. त्यांच्याकडं दोन जुन्या रायफली होत्या, फौजेनं काढून टाकलेल्या. एक इंग्रजांच्या लष्करातली थ्री नॉट थ्री, ती त्यांच्या बापानं घेतलेली. दुसरी त्याहून जुनी, तिच्यात एका वेळी एकच गोळी जायची. ठेवायच्या परवानगीचा कागद काचेत लावून भिंतीवर टांगलेला होता, नातवंडांच्या फोटोंच्या शेजारी. त्यांच्यात लग्नाला म्हातारे लोक बंदूक खांद्यावर घेऊन ओळीनं नाचतात. आणि थंडीत सगळे म्हातारे माळावर जमतात आणि निशाणी लावून नेम धरतात. कुणाचा हात अजून चांगला, ते बघायला.

त्या जुन्या बंदुकांना बाबा स्वतः गोळ्या ओतायचे. बकऱ्यांच्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली गॅसची शेगडी, तिच्यावर लोखंडी कढई, तिच्यात शिसं. गाडीच्या चाकाला लावतात ते शिशाचे तुकडे त्यांचा भाऊ गॅरेजमधून आणायचा. साचा लोखंडाचा, सांडशीसारखा दोन दांड्यांचा. मी बावीस वर्षं ते लांबून बघत आले. माझा संबंध नव्हता.

मग बाबांना आजार झाला आणि हात थरथरायला लागला. एक दिवस मी त्यांचा चहा घेऊन गेले तर ते गोळ्या काढत होते आणि परत कढईत टाकत होते. सगळ्या सुरकुतलेल्या. तोंडानं अरबीत बडबड चाललेली.

मी म्हटलं, "बाबा, साचा ठंडा है. इसलिए ऐसा होता है."

त्यांनी मान वर केली. "तुमको क्या मालूम?"

"मेरा मरद मछली पकड़ता था. जाल का शिसा मैं ही बनाती थी."

"तुम?"

"हाँ, मैं. और कौन बनाएगा?"

"बाईस साल," बाबा म्हणाले, "बाईस साल तुम मेरे घर में है, और अभी बोलता है!" आणि उठून त्यांनी मला आपली जागा दिली.

मी बसले. साचा गरम होऊ दिला, पळी कढईतून फिरवली, वरची राख बाजूला केली, ओतलं. उघडला तर गोळी अशी गुळगुळीत, चांदीच्या मण्यासारखी. बाबांनी ती हातात घ्यायला बोट पुढं केलं आणि भाजून घेतलं. मी हसले. ते पण हसले. पाच मिनिटं हसलो असू.

त्या घरात मला "हे कर, ते कर" सगळ्यांनी सांगितलं होतं. तुला काय येतं, असं कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मला ते आवडलं. हे मी लपवत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस मी स्वयंपाक उरकून गोठ्याशेजारी बसायची आणि तासभर गोळ्या ओतायची. पुढचं बंदुकीची दारू भरायचं काम बाबांचा भाऊ करायचा, मी फक्त शिसं. माळावर म्हाताऱ्यांनी विचारलं, गोळ्या कुठून आणल्या, तर बाबा म्हणायचे, माझ्याकडं हिंदुस्तानी मशीन आहे. घरी येऊन मला सांगायचे, "आज मशीन का नाम हुआ." मला बरं वाटायचं.

मुलाला हे सांगितलं नाही. बंदूक म्हटलं की तो घाबरला असता, व्हिसाचं काढलं असतं. मी म्हटलं, कशाला.

आता जे लिहायचं त्यासाठी मी चार दिवस थांबले.

आमच्याकडं गावाला शिसं ओतायच्या दिवशी एक रीत होती. सासूनं घालून दिलेली. शिसं घरात ओतायचं नाही, घरामागच्या परड्याच्या टोकाला, वारा घराकडून बाहेर जात असेल तेव्हा. त्या कामाचं लुगडं वेगळं. काम झालं की ते कुंपणावर टाकायचं, घरात आणायचं नाही. विहिरीवर डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच पोराला हात लावायचा. मी एकदा लेकरू रडतं म्हणून तशीच धावले, तर सासूनं मला उंबऱ्यावर अडवलं. "रडू दे त्याला. तुझ्या अंगाला शिसं आहे. रडून कोण मरत नाही." असं म्हणाली. मला तेव्हा राग आला होता. का ते तिलाही सांगता येत नव्हतं, तिला तिच्या सासूनं सांगितलेलं.

तर मला माहीत होतं. बाबांच्या कढईपाशी बसले त्या पहिल्याच दिवशी मला सासूचं आठवलं होतं. मी काय केलं, तर अंगातला गाउन तिथंच खिळ्याला टांगायला लागले. घरी जाताना दुसरा घालायची. हात साबणानं दोनदा धुवायची. झालं, असं मी धरलं. इथं सगळं कसं स्वच्छ, नळाला गरम पाणी, धुवायला मशीन. सासूच्या वेळी साबणाची वडी पण जपून वापरायची होती, म्हणून ती तसं सांगायची, असं मी मनाशी म्हटलं.

पण ओढणी तीच राहिली. अरबांच्या घरी डोकं झाकायला मी ओढणी घ्यायची, सुती, निळी. तिनंच साच्याच्या गरम दांड्या धरायची. तिनंच घाम पुसायची. साच्यावर धूळ बसली तर तिचंच टोक. आणि तीच घेऊन घरी यायची.

दुपारी जेवण झालं की सून लॅपटॉपवर तिच्या ऑफिसचं काम करायची आणि मी नातीला निजवायची. ती माझ्या मांडीवर आडवी व्हायची आणि ओढणीचं टोक तोंडात घालून चोखायची. त्याशिवाय झोपच नाही. सून म्हणायची, "आई, धुवून तरी द्या ना तिला."

मी म्हणायची, "धुतली की वास जातो गो. मग झोपत नाही."

आणि ते खरं होतं. धुतलेली ओढणी ती फेकून द्यायची. म्हणून मी आठ-आठ दिवस धुवायची नाही. आजीचा वास लागतो पोरीला, असं मी शेजारणीला कौतुकानं सांगायची.

हळूहळू पोरगी चिडचिडी झाली. खाईना. पोट दुखतं म्हणून पाय पोटाशी घ्यायची. शी होईना. आणि जे चार शब्द बोलायला लागली होती, "आज्जी", "पानी", "बाय बाय", "नो", ते बंद झाले. नुसता "नो" राहिला. आम्ही म्हटलं दात येत असतील. सून म्हणाली दृष्ट लागली. तिच्या आईनं गावाहून काजळाची डबी पाठवली होती, घरी केलेलं काजळ, ते ती रोज लावायचीच. आता कपाळावर, गालावर, पायाच्या तळव्याला पण लावायला लागली.

माझी विहीण ते काजळ करते. तुपाचा दिवा लावून वर तांब्याचं ताट धरायचं, काजळी खरवडून तुपात कालवायची. गावात कुणाचंही मूल जन्मलं की पाचव्या दिवशी तिची डबी जाते. पैसे घेत नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई आहे ती, शिवण करून दोन पोरं वाढवली. गावात तिला जो मान आहे तो त्या डबीमुळं. लोक बारशाला पहिलं तिला बोलावतात.

डॉक्टरनं पोरीचं रक्त तपासलं. डॉक्टर केरळची बाई, हिंदी बोलायची. आम्ही तिघं समोर बसलो, नात सुनेच्या कडेवर. डॉक्टर म्हणाली, रक्तात लेड आलंय, खूप आलंय.

मुलगा माझ्याकडं वळून म्हणाला, "आई, शिसं म्हणते ती. शिसं कुठून येणार?"

मला त्या क्षणी कळलं. एकदम सगळं कळलं. ओढणी माझ्या डोक्यावरच होती.

डॉक्टर एकेक विचारायला लागली. घराचा रंग? नवीन. भांडी? स्टीलची. मुलगा म्हणाला मी टाइल्सच्या फॅक्टरीत आहे, तिथं रंग असतात. तिनं लिहून घेतलं, त्याचंही रक्त तपासायला सांगितलं. मग म्हणाली, "काजल? सुरमा?"

सुनेनं पर्समधून डबी काढली. "काजल लगाती हूँ. मेरी मम्मी घर में बनाती हैं."

डॉक्टरनं डबी हातात पण घेतली नाही. "फेंक दो. आज ही. ऐसे काजल-सुरमा में बहुत लेड निकलता है. बच्चे को कुछ मत लगाना."

सुनेनं डबी परत पर्समध्ये टाकली. मग डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाली, "अम्मा, आप? आप कोई काम करती हैं? कहीं बाहर जाती हैं?"

मी म्हटलं, "नहीं. मैं तो घर में ही रहती."

मुलानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं, मी त्याची अट पाळतेय, त्याची लाज राखतेय. तो चटकन म्हणाला, "हाँ डॉक्टर, मदर घर पर ही रहती हैं." असं आम्ही दोघांनी मिळून खोटं सांगितलं. तो त्याच्या कारणानं, मी माझ्या. त्याचं कारण माझ्यापेक्षा चांगलं होतं.

घरी आल्यावर सुनेनं डबी कचऱ्यात टाकली. मग परत काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, गाठ मारली आणि परत टाकली. आईला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू येत होतं.

"मम्मी, तुझ्या काजळात विष होतं."

पलीकडून विहीण म्हणाली, "काय बोलतेस गो? तुपाचं काजळ ते. तुला तेच लावून वाढवलंय."

"डॉक्टर म्हणाली! शिसं निघालंय पोरीच्या रक्तात!"

"शिसं? माझ्या दिव्यात शिसं कुठून येईल, सांग मला. तूप आहे, कापूस आहे, तांब्याचं ताट आहे."

"मग मला सांग ना कुठून आलं!"

सून रडत होती. मी डाळीला फोडणी दिली. हो, फोडणी दिली. हात चालत होते.

मी दुसऱ्या दिवसापासून शिसं ओतणं बंद केलं. बाबांना सांगितलं डोळ्यांना त्रास होतो. ओढणी गरम पाण्यात साबण घालून धुतली, घरच्या मशीनमध्ये, पोरीच्या कपड्यांबरोबर. आता संपलं, असं मनाला सांगितलं. हळूहळू रक्तातून जाईल, कुणाला कळायचं कारण नाही. पण टाकली नाही ओढणी. दोन-चार दिवस माझ्या डोक्यावर राहिली की तिला परत माझा वास लागायचा. ती नसली की पोरगी तासतासभर रडायची, सुनेचं काम अडायचं, आणि मला वाटलं, धुतली ना आता.

मुलाच्या रक्तात काही निघालं नाही. मग उरलं फक्त काजळ. सुनेचा भाऊ दुबईला डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो. त्याला कळलं तसं त्यानं काळजीनंच गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, कुणी घरचं काजळ वापरत असाल तर बंद करा, आमच्या भाचीला शिसं चढलंय. आपल्याच आईचं नाव नव्हतं घेतलं त्यानं. पण गावात काजळ दुसरं करतं कोण? एकीनं लिहिलं, माझा नातू पण उशिरा बोलला, त्यालाही तेच लावलं होतं. दुसरीनं लिहिलं, आमच्याकडं पण. सून मला एकेक मेसेज वाचून दाखवायची. मी म्हणायची, "राहू दे, नको वाचूस." तिला वाटायचं, सासूला माझ्या आईची दया येते.

एका बारशाला विहिणीला बोलावलं नाही. मग दुसऱ्या. तिनं ताट आणि दिवा माळ्यावर टाकला.

आणि एक दिवस मुलगा जेवताना सुनेवर ओरडला. कशावरून तरी, पोरीनं घास थुंकला म्हणून. म्हणाला, "तुझ्या आईनं घातलंय विष, आता तूच निस्तर." सून ताटावरून उठली. मी तिथंच बसले होते. माझ्या पानात भात होता. मी तो संपवला.

ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. शिसं घरी आणलं, ते मी जाणून आणलं नाही. पण तो भात मी जाणून खाल्ला.

महिन्यानं परत रक्त तपासलं. कमी व्हायला हवं होतं, तर होतं तेवढंच, उलट थोडं वर. डॉक्टर म्हणाली, घरात अजून काहीतरी आहे. सापडलं नाही तर दुबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवावं लागेल, शिरेतून औषध द्यावं लागेल. आणि म्हणाली, लहान मुलाच्या डोक्यावर ह्याचा परिणाम होतो, झालेलं नुकसान परत भरून येईलच असं मी सांगू शकत नाही.

आम्ही घरी आलो. दुपार होती. पोरगी दमली होती, किरकिर करत होती. सून म्हणाली, "आई, घ्या हिला. ओढणी कुठंय तुमची?" खुर्चीच्या पाठीवरची ओढणी तिनंच उचलली आणि पोरीच्या हातात दिली. पोरीनं टोक तोंडात घातलं.

मी ते ओढून काढलं. जोरात ओढलं असणार, तिच्या ओठाला लागलं. ती किंचाळायला लागली.

"आई! काय करताय?"

मी म्हटलं, "तुझ्या आईच्या काजळात काही नव्हतं. ह्यात आहे."

"कशात?"

"ह्या ओढणीत. मी बाबांकडं शिसं वितळवायची. बंदुकीच्या गोळ्या ओतायची. हीच ओढणी असायची अंगावर."

मुलगा बुटाची लेस सोडत होता, तसाच वाकलेला राहिला. "गोळ्या? आई, तू जेवण करायला जातेस ना?"

"जेवण पण करते."

सुनेनं पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "डॉक्टरनी विचारलं तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"मी मम्मीला फोन केला तेव्हा?"

"होतं."

"हे जेवताना बोलले तेव्हा?"

मी मान हलवून हो म्हटलं. सून पोरीला घेऊन आत गेली आणि कडी लावली. मुलगा म्हणाला, "आई, तू मला तरी सांगायचंस." मी म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू मला गावी पाठवलं असतंस." तो म्हणाला, "हो. पाठवलंच असतं." आणि मग तोही आत गेला, पण कडी उघडली नाही म्हणून बाहेरच उभा राहिला.

डॉक्टरला मुलानं सगळं सांगितलं. ओढणी, गाउन, माझी चप्पल, गादीवरची चादर, सगळं टाकलं. घर ओल्या फडक्यानं पुसून काढलं, तेही मला करू दिलं नाही. माझं रक्त तपासलं, माझ्यातही होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. बाबांना मुलानं स्वतः जाऊन सांगितलं. बाबांनी कढई उलटी केली, आणि त्यांच्या मुलांनी येऊन ती मागची जागा साफ करून घेतली. बाबा मला फोनवर म्हणाले, "मेरी ग़लती." मी म्हटलं, "नहीं बाबा. आपको किसी ने नहीं सिखाया था. मेरे को सिखाया था."

पोरीला हॉस्पिटलात ठेवावं लागलं नाही. रक्तातलं शिसं उतरत गेलं, पण फार हळू, वर्ष लागलं. आता ती साडेतीन वर्षांची आहे. बोलते. नर्सरीतली टीचर म्हणते बाकीच्या मुलांच्या मागं आहे, शब्द शोधत थांबते. ते शिशामुळं की कसं, कुणी सांगू शकत नाही. ती थांबली की मी दुसरीकडं बघते.

सुनेनं विहिणीला सगळं सांगितलं. भावालाही. सून म्हणाली, ग्रुपवर टाका, तर मुलगा म्हणाला, नको, आईची अब्रू जाईल, सगळ्या गावाला कशाला, आता पोरगी बरी होतेय ना. भाऊही म्हणाला, आता उकरून काय उपयोग. म्हणून नाही टाकलं. मी पण आग्रह धरला नाही. तेव्हा पण गप्प बसले. त्याला आता दोन वर्षं झाली.

मी विहिणीला फोन केला होता एकदा. मी म्हटलं, "विहीणबाई, चूक माझी."

ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? मला माहीतच होतं माझी नाही ते. गावाला सांगा."

एवढंच बोलली. ह्या गणपतीत पण तिला एका बारशाला वगळलं, सुनेनं सांगितलं. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, कणीक मळत होती.

इथल्या मराठी मंडळाचा अंक निघतो. त्यात म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी हव्यात म्हणून मुलगा म्हणाला, आई, तू गावच्या मच्छीच्या रेसिपी लिही, फोटो पण येईल. मी हे लिहिलंय. त्याला दाखवलेलं नाही. फोटो नको.

डॉक्टर सांगते ते बरोबर आहे, बाळाच्या डोळ्यात काही घालू नये, घरचं पण नाही. मी काजळाची बाजू घेत नाही. कुणी जाळ्यासाठी, गोळ्यांसाठी, कशासाठीही शिसं वितळवत असेल तर ते कपडे घरात नेऊ नका, लेकराजवळ जाऊ नका. पण माझ्या विहिणीनं कुणाच्या मुलाला विष घातलं नाही.

आमच्या गावचे, आजूबाजूच्या वाड्यांतले बरेच लोक इथं आहेत. नाव नसलं तरी तुम्ही तिला ओळखाल. ओळखलंत तर हे वाचून तुमच्या घरी फोन करा आणि सांगा, चूक तिची नव्हती, तिच्या मुलीच्या सासूची होती. आणि तुमच्याकडं बारसं असेल तर तिला बोलवा.